विश्लेषण : इमारतीत वाट दाखवणारी प्रणाली कशी निवडावी?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेल्या या टर्मिनलच्या दारापर्यंत मोबाइलमधला नकाशा आपल्याला आणून सोडतो. आत शिरलो की तोच नकाशा गोंधळतो. सीवूड्स-दारावेसारख्या ठिकाणी, जिथे खाली रेल्वे आणि वर मॉल आहे, तिथेही हेच घडते. म्हणूनच विमानतळ, रुग्णालये आणि मॉल यांच्यासाठी इमारतीतला नकाशा आणि त्यावर ‘तुम्ही येथे आहात’ हे दाखवणाऱ्या प्रणाली विकल्या जात आहेत. त्या निवडायच्या कशा?

जीपीएस छताखाली का चुकतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचे संदेश जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण होतात. काँक्रीट आणि लोखंड ते अडवतात किंवा परतवतात. त्यात आपण कोणत्या मजल्यावर आहोत, हेही त्यावरून भरवशाने कळत नाही.

पर्याय कोणते?

वाय-फायवर चालणारी प्रणाली स्वस्त पडते, कारण यंत्रे आधीच बसवलेली असतात. पण चूक अनेकदा पाच-दहा मीटरची होते. ब्लूटूथ बीकन अधिक नेमके. गॅटविक विमानतळाने २०१७ मध्ये असे सुमारे दोन हजार बीकन बसवले आणि अचूकता तीन मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले. मात्र बॅटरीवर चालणाऱ्या बीकनचे सेल काही वर्षांनी बदलावे लागतात. अल्ट्रा-वाइडबँड काही सेंटिमीटरपर्यंत नेमके सांगते, पण त्याची चिप स्वस्त फोनमध्ये नसते. सर्वांत साधा मार्ग म्हणजे जागोजागी क्यूआर कोड : स्कॅन करा, आपली जागा कळते.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

प्रात्यक्षिक महागड्या फोनवर, रिकाम्या मार्गिकेत दाखवले जाते. खरेदीदाराने ते गर्दीच्या वेळी, साध्या अँड्रॉइड फोनवर, तळघरातल्या पार्किंगमध्ये मागावे. ॲप उतरवून न घेता वाट दिसते का? सूचना मराठीत आहेत का? रुग्णाला घेऊन धावपळ करणारा नातेवाईक नोंदणीचा अर्ज भरत बसणार नाही.

नकाशाची मालकी इमारतीकडे राहील आणि तो आयएमडीएफसारख्या खुल्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. नाहीतर कंपनी बदलली की सर्वेक्षण पुन्हा पहिल्यापासून. लोक कुठे फिरले याची नोंद साठवली जात असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची जबाबदारीही येते.

अचूकता की देखभाल?

आमच्या मते देखभाल. निळा ठिपका तीन मीटर सरकला तर माणूस आजूबाजूला पाहून सावरतो. नकाशाच जुना असेल तर सावरता येत नाही. सार्वजनिक इमारती दिव्यांगांसाठी सुगम असाव्यात, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. सकाळी दुरुस्तीसाठी बंद झालेली लिफ्ट दुपारीही नकाशावर चालू दिसत असेल, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस बंद दारापाशी पोहोचतो. तेव्हा निविदेत पहिला प्रश्न हाच असावा : नकाशा रोज कोण दुरुस्त करणार आणि त्याचा पगार कोण देणार? याचे उत्तर मिळेपर्यंत ठळक अक्षरांतल्या मराठी पाट्यांवर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरेल.