टाकी निघाली, पेट्रोल राहिले

पेट्रोल पंपाची जुनी टाकी क्रेनने उचलली, खड्डा मुरूम टाकून बुजवला की काम संपले, असे आपण धरून चालतो. वास्तविक तपास तिथून सुरू व्हायला हवा. आधी खड्ड्याच्या तळाची माती तपासायची. तिच्यात पेट्रोल आढळले, तर आसपास निदान तीन बोअर घ्यायचे. तीन ठिकाणच्या पातळ्या कळल्याखेरीज भूजल कोणत्या दिशेला वाहते, ते ठरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराची हकिकत मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. १९९५ मध्ये तिथल्या विहिरींत एमटीबीई सापडले. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे (काय हा दैवदुर्विलास!) हे रसायन मातीला फारसे चिकटत नाही, पाण्यात मात्र सहज विरघळून दूर जाते. भूमिगत टाक्या आणि पाइप गळत होते. १९९६ मध्ये विहिरी बंद झाल्या, शहराचे सुमारे निम्मे पाणी गेले. चार्नॉकच्या विहिरी पुन्हा पिण्यासाठी वापरता यायला २०१० साल सरत आले. तेही तेल कंपन्यांशी कोर्टात भांडून, शुद्धीकरण केंद्र उभारल्यावर. आणि हे अशा देशात, जिथे गळतीच्या सफाईसाठी १९८७ पासूनच गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर घेतला जात होता!

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगाभेगांतून वाहते. त्याचा माग काढणे आणखी कठीण. बंद पंपाच्या जागी इमारत उठली, की आपण पार्किंगची चौकशी करतो. सोसायटीची बोअरवेल असेल, तर मी आधी टाकीखालच्या मातीचा अहवाल मागेन.