गाडी घेण्याआधी वाट बघा
(सदर : घर आणि बाहेर)



आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सगळेच मानतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे या दोन भागांच्या सांध्यावरचे गाव, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले. वर चढणारी जुनी वाट इथून जात होती, म्हणून पंधराव्या आणि सोळाव्या शतकात इथे लढायाही झाल्या. आज या भागात फौजा येत नाहीत. मजूर, शेतकरी, अंगणवाडीच्या ताई आणि कॉलेजची मुले येतात-जातात, आणि त्यातले बरेचजण मोटारसायकलवर असतात.

डांबरी रस्ता सुटला की पुढे पांदण लागते, मुरमाचा चढ लागतो, नाल्यावरची फरशी लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा होतो. शहरातले हौशी लोक अशाच वाटा शोधत सुटीच्या दिवशी लांबवर जातात आणि त्याला 'ऑफ-रोड रायडिंग' म्हणतात. त्यांच्यासाठी तो खेळ आहे. आपल्याला मात्र त्याच वाटेने रोज कामावर जायचे असते. म्हणून त्या खेळात सिद्ध झालेले शास्त्र आपल्या घरातही यायला हवे.

गाडी कोणती घ्यावी?

हल्ली बऱ्याच घरांत तरुण मुलगा हट्ट धरतो की मला 'अॅडव्हेंचर' गाडी पाहिजे. या गाड्या वाईट नाहीत. 2019 साली आलेली हिरोची एक्सपल्स 200 घ्या. तिचे पुढचे चाक 21 इंचांचे, त्यामुळे ते खड्ड्यात न अडकता वरून निघून जाते. इंजिनाचा तळ जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, म्हणजे दगड खालून लागत नाही. शॉकअप लांब. पण तिचे वजन दीड क्विंटलच्या वर, आणि सीट सुमारे 825 मिलिमीटर उंच. रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन 2016 साली आली. ती तर दोन क्विंटलच्या घरात होती.

आता आपल्या गावोगावची स्प्लेंडर बघा. वजन सुमारे 112 किलो, सीट 785 मिलिमीटर, तळ 165 मिलिमीटर उंच. कागदावर ती मागे पडते. पण गाऱ्यात गाडी आडवी झाली की कागद कामाला येत नाही. तेव्हा एकच प्रश्न असतो : ती एकट्याने उचलता येते का? दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? पुढचा प्रश्न, तिचा क्लच-वायर मोताळ्यात मिळतो का, की त्यासाठी बुलडाण्याला किंवा मलकापूरला जावे लागते? ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याची गाडी चार दिवस मिस्त्रीकडे राहिली तर चार दिवसांची मजुरी जाते.

म्हणून आमचा सल्ला असा. मोठ्या गाडीचा हप्ता बसवण्याआधी आहे त्या गाडीचे टायर बघा. घासून गुळगुळीत झालेला टायर घेऊन दोनशे सीसीची गाडीही घसरते. मातीचीच वाट जास्त असेल तर मागे खोल नक्षीचा टायर घाला. पूर्ण बटन टायर मात्र विचार करून घ्या. तो मातीत चांगला धरतो, पण ओल्या डांबरावर कमी धरतो आणि लवकर झिजतो. चेन सैल नको, शॉकअपमधून तेल गळायला नको, आणि दोन्ही ब्रेक लागायला हवेत. एवढे केले तर जुनी गाडीही पांदण पार करते. स्कूटीची चाके लहान आणि तळ खाली असतो, तेव्हा ताईंनी ती पक्क्या रस्त्यावर वापरावी, गाऱ्यात घालू नये.

चालवावी कशी?

पहिली गोष्ट नजरेची. पुढच्या चाकाकडे बघत चालवू नका. पंधरा-वीस पावले पुढे बघा. जिकडे डोळे, तिकडे हात आणि तिकडेच गाडी जाते. दगडाकडे टक लावून बघणारा नेमका दगडावर जातो.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. 2015 साली बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी डकार रॅली पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. 2024 साली केरळचे हरिथ नोआ त्याच रॅलीत आपल्या 'रॅली-2' गटात पहिले आले. बंगळूरच्याच ऐश्वर्या पिसे यांनी 2019 साली बाहा विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले, हे आपल्या मुलींनाही सांगा. या खेळाडूंची चित्रफीत बघितली तर ते खडबडीत जागी बहुतेक वेळ फुटरेस्टवर उभे दिसतील. तो दिखाऊपणा नाही. उभे राहिले की अंगाचा भार सीटवरून खाली फुटरेस्टवर येतो, पाय स्प्रिंगचे काम करतात आणि गाडी खाली हलली तरी अंग हलत नाही. गुडघे टाकीला लावावेत, कोपर थोडे वाकवावेत, हँडल सैल धरावे. मागे माणूस बसला असेल तर उभे राहू नये, वेग कमी करावा.

गाऱ्यात शिरण्याआधीच गियर दुसरा करा आणि एक्सिलेटर एकसारखा ठेवा. मध्येच जोरात पिळला तर मागचे चाक जागीच फिरते आणि खड्डा करते. पुढचा ब्रेक लावू नका, चाक लॉक होऊन गाडी आडवी होते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत चाक गेले असेल तर चाकोरीतूनच चला. तिरपे वर काढायला गेलात तर पडाल. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते. तशात इंजिन पिळत राहिले तर क्लचप्लेटा जळतात. थांबा, काडीने माती काढा, मग निघा. पाऊस नुकताच पडला असेल तर गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला ओळखीच्या घरी लावून वावरापर्यंत पायी जाणे शहाणपणाचे.

मुरमाच्या चढाला गियर आधीच टाका, मध्येच बदलू नका, आणि अंग पुढे झुकवा. चढावर गाडी बंद पडली तर घाबरून मागे सोडू नका. ब्रेक धरा, गाडी पहिल्या गियरमध्येच बंद राहू द्या, क्लच हळूच सोडा. इंजिनच गाडीला धरून ठेवते. मग जी बाजू उंच असेल त्या बाजूने उतरा.

उताराची एक सवय फार जीवघेणी आहे. पेट्रोल वाचावे म्हणून काहीजण घाटात गाडी न्यूट्रल करून सोडतात. वाचते ते थेंबभर पेट्रोल, पण त्यासाठी सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर लागत नाहीत. उतारावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावा, वळणात नको. आणखी एक लक्षात ठेवा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोड-ब्रेक म्हणजे सीबीएस किंवा एबीएस सक्तीचे झाले. जोड-ब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. निसरड्या जागी हा पायही अलगदच दाबायचा.

नाल्याचे पाणी

यावर हुशारी चालत नाही. फरशीवरून गढूळ पाणी वाहत असेल तर खाली फरशी आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. जोराने वाहणारे सहा इंच पाणीही माणसाचे पाय उचलू शकते. मोटारसायकलला पाणी आडवे लागते आणि चाकाखालची पकड जाते. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही नाल्याला लोंढा येतो. पाणी उतरेपर्यंत थांबणे हा एकच नियम. पाणी उथळ आणि संथ असेल तरच, आधी पायी तळ तपासून, पहिल्या गियरमध्ये सावकाश जा. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करा.

घरच्या माणसांसाठी

मागे बसणाऱ्या बहिणींनी अशा वाटेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे आणि साडीचा पदर, ओढणी कंबरेला घट्ट खोचावी. एका बाजूने बसले की खड्ड्यात आधी तोल जातो तो मागच्याचाच. खताची गोणी आणि माणूस एकाच वेळी नेऊ नका.

हेल्मेट शेताच्या वाटेवरही हवे, आणि त्याचा पट्टा लावलेला हवा. 1 जून 2021 पासून देशात आयएसआय शिक्क्याचेच दुचाकी हेल्मेट विकायची परवानगी आहे. तेव्हा शिक्का बघून घ्या.

आता कागदाची गोष्ट. दुचाकीच्या मालकाने स्वतः गाडी चालवताना अपघात झाला तर त्यासाठी 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्याची पावती वेगळी बघून घ्या. हा विमा गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच लागू होतो, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असले पाहिजे. पुष्कळ घरांत गाडी वडिलांच्या नावावर असते आणि रोज चालवतो मुलगा. त्या मुलाला काही झाले तर घराला या विम्याचा आधार मिळत नाही. जो चालवतो त्याच्या नावावर गाडी करा. मुलगा अठरा वर्षांचा नसेल तर गियरची गाडी त्याच्या हाती देऊच नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी गावातल्या मोकळ्या वावरात चार पोरांनी एकत्र यावे. उभे राहून चालवणे, उतारावर गियरमध्ये गाडी धरणे आणि पडलेली गाडी उचलणे, या तीन गोष्टींचा तासभर सराव करावा. गाडी उचलताना पाठ न वाकवता गुडघ्यात बसून पायांच्या जोरावर उचलावी. मुलींनाही बोलवा, त्यांनाही याच वाटेने जायचे आहे. यासाठी हप्ता लागत नाही. आणि पोरगा नवी गाडी मागत असेल तर आई-वडिलांनी आधी त्याला म्हणावे, ही जुनी गाडी एकट्याने उचलून दाखव, मग बोलू.