सोसण्याचे कौतुक पुरे

खालिद हुसैनी यांची ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ ही कादंबरी २००७ साली आली, मराठीतही तिचा अनुवाद झाला. तिच्याविषयी बोलताना ‘अफगाण स्त्रियांची सहनशीलता’ हे शब्द हमखास येतात. मला ते खटकतात. बाईच्या जातीला सोसण्यावाचून गत्यंतर नाही, हा धडा पहिल्याच प्रकरणांत नायिका मरियमला तिची आई देते आणि पुढची सगळी कादंबरी तो धडा खोडून काढते.

मरियम ही हेरातमधल्या एका श्रीमंत माणसाची अनौरस मुलगी. आई गेल्यावर तिला पंधराव्या वर्षी काबूलच्या रशीदशी, तिच्याहून तीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका चांभाराशी, लग्न लावून वाटेला लावतात. एकामागून एक गर्भ पडतात, तसा त्याचा हात सैल सुटतो. भात कच्चा राहिला म्हणून तो तिच्या तोंडात खडे कोंबून चावायला लावतो, दाढा तुटतात.

मग मुजाहिदीनांच्या आपसांतल्या लढाईत लैला नावाच्या मुलीच्या घरावर रॉकेट पडते. आईवडील जागीच जातात आणि ही चौदा वर्षांची मुलगी त्याच रशीदची दुसरी बायको होते. सवत म्हणून मरियम तिचा रागराग करते, आणि तो अगदी खरा वाटतो. इतके भोगलेली बाई एकाएकी मायाळू होत नाही. पण एका रात्री रशीद पट्टा उगारतो, तेव्हा लैला मध्ये पडते. मरियमसाठी आजवर कुणी मध्ये पडलेले नसते. थोड्याच दिवसांत लैलाच्या दाराशी बाळाच्या कपड्यांची सुबक घडी येते. मग रात्री अंगणात दोघींचा चहा सुरू होतो. माझ्या मते कादंबरीचा कणा इथे आहे. शेवटी मरियम रशीदवर फावडे उचलते आणि लैलाला मुलांसह वाट मोकळी करून देऊन गाझी स्टेडियममध्ये मरणाला सामोरी जाते, त्या धैर्याची सुरुवात या चहापासून होते.

हुसैनी पेशाने डॉक्टर होते. कदाचित म्हणूनच १९९७ मधला बाळंतपणाचा प्रसंग इतका अंगावर येतो. तालिबानने काबूलमधल्या बायकांना रुग्णालयांतून काढून राबिया बल्खी या एकाच ठिकाणी धाडलेले असते. मूल पायाळू, आणि भूल द्यायला औषधच नाही. डॉक्टर बाई दाराशी नर्सला पहाऱ्यावर उभे करते आणि बुरखा बाजूला टाकते, कारण तो घालून पोट चिरणार कसे? लैला शुद्धीत असताना तिचे पोट चिरले जाते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी बायकांसाठी एकच रुग्णालय ठेवण्याचा तो हुकूम खरा होता.

तालिबान हटल्यावर लैला काबूलला परतते, २००३ साली अनाथाश्रमात शिकवते, तिथे कादंबरी संपते. तेव्हा वाचकाला हायसे वाटले होते. आज ती पाने वाचताना घशात आवंढा येतो. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. महिन्याभरात सहावीपुढच्या मुलींच्या शाळांची दारे बंद झाली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची. आता ती लैला कुणाला आणि कितवीपर्यंत शिकवणार? तरीही घराघरांत चोरून वर्ग भरतात, पकडले जाण्याची भीती असूनही बायका शिकवतात. त्यांना शाबासकी देऊन आपण मोकळे होऊ नये. हे चोरून शिकवणे त्यांच्यावर लादलेले आहे, असे प्रत्येक वेळी म्हणायला हवे.

कादंबरी वाचली नसेल तर जरूर वाचा, आणि राबिया बल्खीतल्या त्या पानांवर थांबा. अशा बाळंतिणींना हात देण्यासाठी लागणारे परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण अफगाण मुलींसाठी निदान उरले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने तेही बंद केले.