भाडेकरू अगदीच निराधार नाही

‘मालकापुढे भाडेकरूचे काही चालत नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम १४नुसार घर राहण्याजोगे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा थेट आमटीच्या पातेल्यात पडला. आम्ही भांडलो नाही. फोटो काढले आणि टपालाने पंधरा दिवसांची नोटीस धाडली. मालक तरीही हलला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. तेव्हा भाड्याच्या पावत्या आणि नोटिशीची पोच तेवढी जपून ठेवा.

– एक भाडेकरू, पुणे