गॅस गिझरचा व्हॉल्व्ह नेमके काय पाहतो?

थंडी वाढली की बंद न्हाणीघरात, गॅस गिझर सुरू असताना कुणी बेशुद्ध आढळल्याच्या किंवा दगावल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘गॅसगळती झाली असावी’ असा अंदाज त्यांत हमखास असतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो, आणि मग घरोघरी खबरदारीही भलत्याच गोष्टीची घेतली जाते.

गिझरच्या पोटात रबरी पडदा असलेला व्हॉल्व्ह असतो. नळ सोडला की वाहत्या पाण्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याची दांडी स्विच चालू करते. सेलवर चालणारे सर्किट मग ठिणगी पाडते आणि गॅसची वाट उघडते. ज्योतीत एक पिन असते. ज्योत पेटलेली असेपर्यंत तिच्यातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो; ज्योत विझली की तो थांबतो आणि काही क्षणांत गॅस बंद होतो. न जळलेला गॅस खोलीत साठू नये यासाठी ही रचना चांगलीच आहे. शिवाय एलपीजीला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो.

खरा घात होतो तो ज्योत नीट पेटलेली असताना. एक भाग प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ भाग हवा लागते. छोट्या बंद खोलीत ती पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. व्हॉल्व्हला ज्योत कळते, हवा कळत नाही. ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा वेगळी असते; ती प्रत्येक गिझरमध्ये नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते (पित्त समजून ते सोडून दिले जाते), मग दाराची कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते, आकडा चांगला दाखवते. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून अशा व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणावे, आणि रुग्णालयात ‘गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवणे हाच पक्का उपाय. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरत नाही; दाराखालून किंवा जाळीतून बाहेरची हवा आत येत नसेल तर तो ओढणार काय?