रूड, मीन आणि बुली

मुलांच्या इंग्रजी वह्यांत आम्हाला एकच शब्द सारखा भेटतो: 'बॅड'. कोणी ढकलले, बॅड. कोणी चिडवले, बॅड. इंग्रजी इतकी गरीब नाही. 'रूड' म्हणजे उद्धट, आपल्या घरातला बदतमीज. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कच्चा, न घडवलेला. म्हणजे वळण लावायला जागा आहे. 'मीन'मध्ये मात्र दुखवायचा हेतू असतो. (इंग्लंडात कंजूष माणसालाही मीन म्हणतात, तेव्हा उताऱ्यात संदर्भ पाहावा.) 'हार्श' बहुधा बोलण्याला किंवा शिक्षेला लागतो, तसे बोलणारा मनाने वाईट असेलच असे नाही. 'क्रुएल' तो जालिम, ज्याला दुसऱ्याच्या वेदनेची पर्वाच नाही.

आणि 'बुली'? सोळाव्या शतकात हा चक्क लाडाचा शब्द होता! आज अर्थ आहे दुबळ्याला हेरून पुन्हापुन्हा छळणारा. एकदा डबा हिसकावला तर मीन. रोज त्याच मुलाचा हिसकावला तर बुली. मुलगी घरी येऊन "ती मीन आहे" म्हणाली, तर अम्मीने आधी विचारावे: एकदाच, की रोज? उत्तर "रोज" आले, तर वही बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटावे.