रंग उतरवायलाही अर्धा तास द्या

चैत्र-वैशाख हा जत्रांचा हंगाम. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावांत याच दिवसांत ऊन चाळिशीपार जाते आणि विहिरी तळ गाठतात. तमाशाचे कलावंत राहुटीत आरशापुढे बसून मन लावून रंग चढवतात. खेळ रात्री उशिरापर्यंत चालतो. मग फडक्याने तोंड पुसायचे, उरलेला रंग चेहऱ्यावर तसाच ठेवायचा आणि गाडीत अंग टाकायचे, कारण उद्या दुसरे गाव असते. जत्रा कमिटीच्या यादीत मंडप असतो, वीज असते, जेवण असते. रंग उतरवण्याची सोय त्या यादीत सहसा नसते. ती असायला हवी, आणि तिला खर्चही फारसा नाही.

रंगमंचाचा रंग मुळात घामाने वाहू नये म्हणूनच तेला-मेणात घोटलेला असतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. मग कलावंत अंगाचा साबण घेऊन खसाखसा घासतो, नाहीतर रॉकेलचा बोळा फिरवतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाचा सामू 9 ते 10. रोजच्या घासण्याने त्वचेचे वरचे संरक्षक आवरण विरते, ओलावा उडून जातो आणि दुसऱ्या दिवशीचा रंग त्याच सोललेल्या जागी बसतो. रॉकेल तर त्वचा जाळतेच. उलट रंग तसाच ठेवून झोपले, तर रंध्रे बुजून पुळ्या येतात. प्रसाधनांमुळे येणाऱ्या अशा मुरुमांचे वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी 1972 मध्येच करून ठेवले आहे.

‘इथे प्यायला पाणी नाही, तोंड धुवायला कुठून आणायचे?’ हा प्रश्न खोटा नाही. पण तेलकट रंग तेलानेच सुटतो, आणि नीट उतरवला तर त्याला पाणी थोडेच लागते. दाढी-मिशा चिकटवलेल्या असतील तर ओढू नयेत. कडेने तेल सोडून डिंक सैल होऊ द्यावा. डोळ्यांवर तेलाचा कापूस अर्धा मिनिट ठेवून मग अलगद पुसावे. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हाताने तेल दोन मिनिटे चोळावे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. कापडावर रंग येईनासा होईपर्यंत हेच पुन्हा करावे. शेवटी सौम्य फेसवॉश आणि तांब्या-दोन तांबे पाणी पुरते. त्यावर साधे मॉइश्चरायझर लावावे. खोबरेल बहुतेकांना चालते, पण पुळ्या येणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन वापरलेले बरे. कापड आणि स्पंज मात्र ज्याचा त्याचा वेगळा हवा, नाहीतर एकाचा त्वचासंसर्ग सगळ्या फडात फिरतो.

हा प्रश्न फडापुरताच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण लहान मुलांचे चेहरेही रंगवतो. मारुती झालेल्या पोराला कुणीतरी पूजेचा शेंदूर फासतो. बाजारातल्या शेंदरात शिशाचे संयुग असू शकते, आणि मुलाचा हात चेहऱ्यावरून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे असलेली प्रसाधने बनवता येत नाहीत. पण पूजेच्या दुकानातली सुटी पुडी प्रसाधन म्हणून विकलीच जात नाही. म्हणून चेहऱ्याला लावायचा रंग उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलाच घ्यावा. आदल्या दिवशी तो कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर तो वापरू नये.

आणखी एक सवय मोडायला हवी. चेहरा काळवंडला, लाल झाला की दुकानातून ‘गोरे करणारी’ ट्यूब आणली जाते. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, केस उगवतात आणि मलम सोडले की आग होते. जळजळ दोन-तीन दिवसांत थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञालाच दाखवावे.

चेहऱ्यावर पोट असलेल्या माणसाला ‘त्वचेची काळजी घ्या’ एवढेच सांगणे सोपे आहे. पण काळजी घ्यायला जागा आणि वेळही लागतो, आणि तो बोलावणाऱ्याने द्यायचा असतो. आडोसा, एक दिवा, एक आरसा, तेलाची बाटली, धुतलेली सुती कापडे, दोन बादल्या पाणी आणि गाडी सुटण्याआधी अर्धा तास. पुढच्या जत्रेच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडताना कमिटीने ही एक ओळ लिहावी. शाळेच्या मुख्याध्यापकांनीही संमेलनाच्या तयारीत ती धरावी. रात्रभर ज्यांनी गावाला हसवले, त्यांनी सकाळी आपल्याच चेहऱ्याने गाव सोडावे, एवढी सोय आपण नक्की करू शकतो.